डब्यावरचा आकडा आणि आतला माल

लाखनीच्या बाजारात मोबाइलचे दुकान आता नवलाईचे राहिलेले नाही. मुंबई-कोलकाता महामार्गावरचे हे गाव. रात्रंदिवस ट्रकांची ये-जा असते, आसपासच्या खेड्यांतून माणसे बाजाराला येतात. त्यामुळे चार्जर, केबल, पॉवर बँक, मेमरी कार्ड या मालाला इथे बाराही महिने गिऱ्हाईक आहे. थोड्या भांडवलात, लहानशा गाळ्यात हा धंदा उभा राहतो, म्हणून आपल्या समाजातील तरुणही त्याकडे वळतात. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु यातील दोन वस्तूंविषयी, पॉवर बँक आणि मेमरी कार्ड यांविषयी, आम्हाला आज स्पष्ट बोलायचे आहे. तांदूळ किंवा कापड यांसारख्याच या वस्तू मापाने विकल्या जातात. फरक एवढाच की त्यांचे माप गिऱ्हाइकाच्या डोळ्याला दिसत नाही, आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आधी पॉवर बँक घेऊ. डब्यावर 10,000 एमएएच लिहिलेले असते. गिऱ्हाईक हिशेब करते, माझ्या फोनची बॅटरी 5,000 ची, म्हणजे दोनदा चार्ज होणार. तसे होत नाही. डब्यावरचा आकडा आतल्या सेलचा असतो आणि सेल साधारण 3.7 व्होल्टचा. फोनला वीज जाते ती 5 व्होल्टने. 10,000 एमएएच म्हणजे 37 वॉट-तास, आणि तेच 5 व्होल्टवर मोजले की 7,400 होतात. व्होल्टेज वाढवताना काही वीज उष्णता होऊन जाते, ती वजा करता हाती सहा ते साडेसहा हजार उरतात. म्हणजे फोन जेमतेम दीड वेळा. चांगल्या कंपन्या हा दुसरा आकडा ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून बारीक अक्षरात छापतात. आमचे म्हणणे असे की दुकानदाराने तो मोठ्याने वाचून दाखवावा. दीड वेळा सांगून दीड वेळा दिले तर गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही.

हे झाले सरळ मालाबद्दल. खोट्या मालाची गोष्ट वेगळी. दोनशे-तीनशे रुपयांत 20,000 एमएएच मिळत असेल तर आत काय असेल याचा विचार व्यापाऱ्यानेच करायला हवा. गोल सेल, ज्याला बाजारात 18650 म्हणतात, तो 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब असतो. उत्तमातला उत्तम घेतला तरी त्यात साडेतीन हजारांच्या आसपासच क्षमता बसते, आणि त्याचे वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढे-मागे भरते. वीस हजारांसाठी असे सहा सेल लागतात. चपटे सेल वापरले तरी वजनात फार सूट मिळत नाही. वीस हजारांची खरी पॉवर बँक तीनशे ग्रॅमच्या खाली क्वचितच भरते. शेजारच्या किराणा दुकानातला काटा ही पहिली कसोटी. दीडशे ग्रॅमचा डबा असेल तर पुढे तपासण्याची गरजच नाही. मात्र जड आहे म्हणून खरा, असेही समजू नये. वजन वाढवायला काहीही भरता येते.

दुसरी कसोटी सरकारनेच दिलेली आहे. पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यासंबंधीची अधिसूचना 2014 सालची. डब्यावर मानक चिन्ह आणि ‘आर’ अक्षरानंतर आठ आकडी क्रमांक हवा. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कोणाच्या नावाची नोंदणी आहे ते समजते. सीताबर्डीत किंवा मुंबईच्या मनीष मार्केटात माल उचलतानाच हे काम दोन मिनिटांत होते.

मेमरी कार्डातली लबाडी याहून वाईट, कारण ती उशिरा कळते. आतली चिप आठ जीबीची असते, पण तिला चालवणारा छोटा कंट्रोलर फोनला 128 जीबी सांगतो. फोनला ते खरेच वाटते. पहिले आठ जीबी भरेपर्यंत सगळे सुरळीत चालते. नंतर नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा कुठेच लिहिल्या जात नाहीत. नावे दिसतात, फाइल उघडत नाही. घरच्या निकाहाची छायाचित्रे, दुकानाचा हिशेब, सीसीटीव्हीचे चित्रण असे गेले की दोनशे रुपये परत देऊन भरपाई होत नाही. यावर उपाय आहे. संगणकावर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा फुकट प्रोग्रॅम चालतो. तो कार्ड शेवटपर्यंत भरतो आणि परत वाचून पाहतो. 64 जीबीच्या कार्डाला सेकंदाला दहा एमबी वेगाने भरायला पावणेदोन तास लागतात. प्रत्येक कार्ड तपासणे जमणार नाही, पण नव्या लॉटमधले एक-दोन तरी दुपारच्या रिकाम्या वेळी लावून ठेवता येतात.

याउलट 64 जीबीच्या कार्डात फोन 59 दाखवतो म्हणून गिऱ्हाईक भांडायला येते, तेव्हा दुकानदाराने दबून जाऊ नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक 1,024 च्या पटीत. त्यात कोणी काही चोरलेले नाही.

आमचे काही व्यापारी बांधव म्हणतील, गिऱ्हाइकालाच स्वस्त हवे असते. आम्ही ठेवले नाही तर शेजारचा ठेवील. हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. हजाराची वस्तू मागणारे खेड्यातले गिऱ्हाईक विरळाच. पण स्वस्त विकणे वेगळे आणि पाच हजारांची वस्तू वीस हजार म्हणून विकणे वेगळे. धान-तांदळाच्या या जिल्ह्यात ओल्या मालावर कोरडा माल पसरून विकणे काय असते हे कोणाला सांगायला नको. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहणाऱ्या पैगंबरांनी व्यापाऱ्याला विचारलेला प्रश्न, की ओले धान्य वर का ठेवले नाहीस, या धंद्यालाही जसाच्या तसा लागू पडतो. पाच हजारांची पॉवर बँक पाच हजारांची म्हणून विका. तिलाही गिऱ्हाईक आहे.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 2020 च्या जुलैपासून अमलात आला. सदोष वस्तूमुळे नुकसान झाले आणि वस्तू बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल, तर तिची जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. बिननावाचा, बिनपत्त्याचा माल विकणारा म्हणजे स्वतःच उत्पादकाच्या जागी उभा राहतो. आणि लिथियमच्या सेलचे नुकसान पैशापुरते राहत नाही, आग लागते. 2025 च्या जूनमध्ये अँकरसारख्या नावाजलेल्या कंपनीने अमेरिकेत अकरा लाखांहून अधिक पॉवर बँका परत मागवल्या. त्याच महिन्यापासून चीनने प्रमाणपत्राचे चिन्ह नसलेल्या पॉवर बँका देशांतर्गत विमानांत नेण्यास बंदी केली. तिकडे न चालणारा माल कोणत्या बाजाराकडे वळेल हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

उमरा किंवा हजला जाणारे गिऱ्हाईक आले तर त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. पॉवर बँक सामानात टाकायची नाही, हातातल्या पिशवीत ठेवायची. आणि 100 वॉट-तासांपर्यंतचीच घ्यायची, म्हणजे साधारण 27,000 एमएएच. ज्या डब्यावर क्षमता नीट छापलेली नसते ती विमानतळावर अडकण्याची भीती असते.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांसाठीही यात काम आहे. सेल बदलून देणे ही कारागिरी आहे. मात्र सेल एकाच क्षमतेचे असावेत, संरक्षक सर्किट काढून टाकू नये, सेलवर थेट कथील लावण्यापेक्षा पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडावी. जुन्या लॅपटॉपचे सेल घातले असतील तर तसे सांगून पैसे घ्यावेत. फुगलेला सेल दाबू नये, टोचू नये आणि कचऱ्यात तर मुळीच टाकू नये.

एकट्या दुकानदाराला नागपूरच्या अधिकृत वितरकाकडून पन्नास नगांचा भाव मिळत नाही, हे आम्ही जाणतो. लाखनी-साकोलीच्या पाच-सहा दुकानदारांनी मिळून एक ऑर्डर द्यावी, पक्के बिल घ्यावे, लॉट एका ठिकाणी उघडून काट्यावर आणि संगणकावर तपासावा आणि मग वाटून घ्यावा. पुढच्या सणासुदीच्या खरेदीपूर्वी एवढे जमण्यासारखे आहे.