टोमणा आणि मोळी

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक विनोद हमखास कानी पडतो : 'क्लबवाल्यांची सेवा म्हणजे दहा मिनिटे वह्यावाटप, दोन तास भोजन आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छबी.' सारे हसतात. कित्येक वर्षे मीही हसलो. आज त्या हसण्याविरुद्धच लिहावयाचे आहे.

छबीचा सोस खोटा नाही. परंतु छबीमागे कामही असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. न्यूयॉर्कनिवासी डॉ. शरदकुमार दीक्षित हे स्वतः पक्षाघाताने जर्जर असतानाही भारतात येऊन दुभंगलेल्या ओठांच्या मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करीत. २०११ साली ते निवर्तले. आपल्या शहरात त्यांच्या शिबिरांचा भार उचलला तो लायन्स क्लबने. रोटरीने १९८५ साली पोलिओविरुद्ध मोहीम उघडली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला, त्यात शासनाबरोबर तिचाही वाटा आहे.

कुणी म्हणेल, 'फादर, रोमनेच १९५० साली धर्मगुरूंना रोटरीचे सदस्यत्व वर्ज्य केले होते ना?' होय. पण १९७९ साली रोममध्ये भरलेल्या रोटरीच्या अधिवेशनातील प्रतिनिधींपुढे पोप दुसरे जॉन पॉल स्वतः बोलले. तेव्हा जुन्या हुकमाची ढाल पुढे करून आपला आळस झाकू नये.

१८३३ साली पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानामला विरोधकांनी टोमणा मारला : तुमची ख्रिस्तसभा आज गरिबांसाठी काय करते? त्याने प्रतिटोला हाणला नाही. मित्रासह स्वतःजवळची जळाऊ लाकडे उचलली आणि एका गरिबाच्या घरी नेऊन दिली. त्यातूनच संत विन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. घरभेट हा तिचा प्राण. सभेत फिरणाऱ्या थैलीत कुणी किती टाकले, हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

आता आपल्या सभांकडे पाहा. प्रार्थना, मागील इतिवृत्त, जमाखर्च, सणाच्या मंडपाचा वाद, चहा. गेल्या महिन्यात कोण कुणाच्या घरी गेले, हा प्रश्न विचारलाच जात नाही. घाटी रुग्णालयाच्या आवारात मराठवाड्यातील खेड्यांतून आलेले रुग्णांचे आप्त उघड्यावर रात्र काढतात. आपण तिकडून दुचाकीवरून जातो आणि क्लबच्या भोजनावर टीका करतो. जखमी वाटसरूला टाळून पुढे गेलेला पहिला मनुष्य याजकच होता, हे मी माझ्यापुरते विसरू शकत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यापुढे कोणत्याही संघाच्या सभेत इतिवृत्ताआधी घरभेटींचा हिशोब व्हावा : किती घरे, कोणती नड, पुन्हा केव्हा जाणार. नावे बाहेर जाऊ नयेत, छायाचित्र काढू नये. पहिला हिशोब धर्मगुरूने द्यावा. पुढील सभेत तो मी देईन. ज्याच्याजवळ सांगण्यासारखी एकही भेट नसेल, त्याने त्या दिवशी क्लबवाल्यांवरचा विनोदही सांगू नये.