‘फॉर्मेट मार ना भाऊ!’

आपल्या हॉस्टेलवर तापाला पॅरासिटामॉल आणि कॉम्प्युटरला फॉर्मेट ही दोन औषधं कुणीही, कुणालाही, न तपासता देतो. पहिल्या औषधाबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्याबद्दल आहे, आणि जरा जास्तच आहे.

प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा. मशीन चालू केलं, पंखा फिरला, कंपनीचं चित्र येऊन गेलं आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी ओळ उमटली : ‘अ डिस्क रीड एरर अकर्ड. प्रेस कंट्रोल-ऑल्ट-डिलीट टू रीस्टार्ट.’ दोन-चार वेळा रीस्टार्ट होतो, तरी ओळ तीच. मग शेजारच्या रूममधले तज्ज्ञ जमतात.

‘‘काय होऊन राहिलं बे?’’

‘‘डिस्क गेली.’’

‘‘काऊन गेली?’’

‘‘विंडोज करप्ट झालं असन. फॉर्मेट मार ना भाऊ, अर्ध्या तासात चकाचक!’’

या संवादात एक गोष्ट कुणीच करत नाही. ती ओळ काय म्हणते आणि कोण म्हणतं, हे पाहत नाही. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी ना?

बटण दाबल्यावर बायॉस आधी स्वतःची तपासणी करतो आणि मग हार्ड डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो. हा सेक्टर ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइटचा एक चिमुकला प्रोग्राम, ६४ बाइटमध्ये पार्टिशनांची यादी आणि शेवटी दोन बाइटची खूण. हा प्रोग्राम बूट होणारं पार्टिशन शोधतो, त्याचा पहिला सेक्टर वाचतो आणि पुढचा कारभार त्याच्याकडे सोपवतो. तो सेक्टर मग विंडोजचा लोडर शोधायला निघतो. एक्सपीच्या काळात हा लोडर एनटीएलडीआर होता, व्हिस्टापासून बूटएमजीआर झाला. या शोधात कुठे वाचन अडलं, की ती पांढरी ओळ येते. आता गंमत बघा. ती ओळ साठवलेली असते कुठे? त्याच हार्ड डिस्कवर, त्याच पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये! म्हणजे जी डिस्क ‘गेली’ म्हणून आपण सुतक पाळतो, तिच्यावरूनच ती ओळ वाचली गेलेली असते. मोटर फिरते आहे, हेड हलतं आहे, केबलमधून काहीतरी येतं आहे. पेशंट बोलतो आहे आणि आपण लाकडं गोळा करतो आहोत.

प्रत्येक वाक्य बोलणारा वेगळा असतो. ‘डिस्क बूट फेल्युअर’ म्हणतो तो बायॉस. त्याला बूट करण्याजोगी डिस्कच सापडलेली नसते. ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ हे पहिल्या सेक्टरचं गाऱ्हाणं. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ म्हणजे वाचन जमलं पण फाइल मिळाली नाही, हा रोगच निराळा. अलीकडच्या यूईएफआय मशीनवर आपली ती पांढरी ओळ येत नाही, तिथे निळा पडदा आणि ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं काहीतरी येतं. सगळ्यांवर एकच औषध कसं चालेल?

पहिला संशय केबलवर घ्यावा, कारण तीच सगळ्यात स्वस्त. मशीन बंद करून, प्लग काढून, डेटा केबलची दोन्ही टोकं काढून पुन्हा बसवावीत. जमल्यास केबल बदलावी. डिस्क स्वतःची एक वही ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात; लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं की ती वाचता येते. त्यात १९९ नंबरचा आकडा वाढत असेल तर बहुतेक दोष केबलचा किंवा जोडणीचा असतो. ५ आणि १९७ नंबरचे आकडे वाढत असतील तर तबकडीचाच पृष्ठभाग बिघडतो आहे. दोन्ही वेळा स्क्रीनवरची ओळ एकच असू शकते! जुन्या मशीनमध्ये आणखी एक भानगड असते. मदरबोर्डवरची नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी संपली की बायॉसमधली सेटिंग पुसली जातात, डिस्क मोजण्याची पद्धत बदलते आणि बूट सेक्टर मागतो एक जागा, त्याला मिळते दुसरी. डिस्क धडधाकट, पत्ता चुकीचा. रोज सकाळी घड्याळ मागे गेलेलं दिसलं तर आधी ती बॅटरी बदला. रॅमही असले खेळ करते. तिच्या पायांना खोडरबर घासण्याची आपली परंपरा अगदीच वेडगळ नाही.

आता आपल्या गोंदियाचं. तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच असलेलं वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, पण प्लगपर्यंत येणारी वीज कशी येते हा वेगळा विषय. जिल्हा धानाचा, राइस मिल जागोजागी. मोठी इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि त्याच लाइनवरचे दिवे क्षणभर मंदावतात, हे इलेक्ट्रिकलवाल्यांना मी काय सांगणार! शिवाय २००५ नंतरच्या काही वर्षांत विदर्भाने जे लोडशेडिंग भोगलं ते आपल्या सीनियर मंडळींना विचारा. वीज गेली की हेड तबकडीवर आपटतं, असा एक जुना समज आहे. तसं सहसा होत नाही. आजच्या डिस्कमध्ये फिरत्या मोटरमधूनच मिळणाऱ्या विजेवर हेड बाजूला जाऊन बसतं. नुकसान होऊ शकतं ते लिहिता लिहिता अर्धवट राहिलेल्या सेक्टरचं. त्यातला डेटा आणि त्याची तपासणी-बेरीज जुळत नाही, आणि डिस्क म्हणते, मला वाचता येत नाही. तो सेक्टर तसा निरोगी असतो, त्यावर पुन्हा लिहिलं की सुधारतो.

आणि इथेच फॉर्मेटच्या कीर्तीचं रहस्य आहे. नवं विंडोज टाकताना त्या सेक्टरवर नवं लिहिलं जातं आणि मशीन उठून बसतं. ‘‘बघ, म्हटलं होतं ना!’’ म्हणून तज्ज्ञ कॉलर ताठ करतो. पण बिघाड खरोखर पृष्ठभागाचा असेल तर? तेव्हाही मशीन उठतं, कारण नवं विंडोज दुसऱ्या चांगल्या जागी जाऊन बसतं. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष सापडला की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असं त्यात दिसलं. म्हणजे फॉर्मेट मारून ‘चकाचक’ केलेल्या डिस्कवर आपण पुन्हा प्रोजेक्ट ठेवतो आणि निर्धास्त झोपतो. त्याच अभ्यासात हेही आलं की बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. तेव्हा वही कोरी आहे म्हणूनही छाती फुगवू नये. (उष्णता वाटते तेवढी दोषी नाही, असंही त्यांना आढळलं. मे महिन्यातल्या आपल्या उन्हावर सगळं पाप ढकलू नका.)

गेल्या उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर फायनल इयरच्या एका ग्रुपचं मशीन असंच अडलं. गावातल्या एका दुकानात नेलं. दुकानदाराने काही विचारलं नाही, यांनी काही सांगितलं नाही. संध्याकाळी मशीन नव्या विंडोजसह हजर. रिपोर्ट छापील प्रतीवरून पुन्हा टाइप झाला. तीन महिन्यांची रीडिंग्ज गेली ती गेलीच. त्यातल्या एकाच्या आजोबांच्या दंडारीचं रेकॉर्डिंगही त्याच डिस्कवर होतं. आजोबा आता नाहीत. तो मुलगा प्रोजेक्टबद्दल बोलतो, रेकॉर्डिंगबद्दल बोलत नाही.

म्हणून माझं मत अगदी साधं आहे : आधी डेटा, मग डिस्क, विंडोज सगळ्यात शेवटी. विंडोज पुन्हा मिळतं, डिस्कही विकत मिळते. अडलेल्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करायचं आणि डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने सगळी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. हा प्रोग्राम शहाणा आहे. आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, हट्टी जागा शेवटी ठेवतो आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतो, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. फाइली शोधायच्या त्या नकलेतून. चेकडिस्कचा मोह तर मूळ डिस्कवर नकोच. तो फाइल सिस्टिमची दुरुस्ती करतो, आपल्या फाइलींची नाही, आणि मरणाऱ्या डिस्कला आणखी दमवतो. डिस्क टिक-टिक असा ठोका देत असेल तर काहीच करू नका, वीज बंद करा. ती उघडायची जागा धूळविरहित प्रयोगशाळा, आपली रूम नव्हे. तिथला खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट असतो, तेव्हा आत काय आहे ते आठवून ठरवा. आणि हो, डिस्क पिशवीत गुंडाळून मेसच्या फ्रीजमध्ये ठेवणाऱ्यांनी बाहेर काढल्यावर आत जमणाऱ्या दवाचा विचार करावा.

एसएसडीवाल्यांनी हसू नये. जुन्या डिस्कवर क्विक फॉर्मेट झाल्यावरही बरंच काही परत मिळवता यायचं, कारण पुसली जायची ती यादी. एसएसडीवर फॉर्मेट केलं की विंडोज ‘या जागा आता रिकाम्या’ असा ट्रिमचा निरोप देतं, आणि मग बहुतेक वेळा परत आणायला काही उरत नाही. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बरेचदा एन्क्रिप्ट केलेली असते. ती दुसऱ्या मशीनला जोडल्यावर ४८ आकडी किल्ली मागते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का, हे आजच बघून ठेवा.

१९९० च्या दशकात पुण्यात कैलास काटकर यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. तो बूट सेक्टरवर बसणाऱ्या व्हायरसांचा काळ. मायकेलएंजेलो नावाचा व्हायरस तर ६ मार्चला डिस्कचे सुरुवातीचे सेक्टर पुसून टाकायचा. दुकानात येणाऱ्या मशीनसाठी धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून पुढे क्विक हील उभी राहिली. तेही प्रत्येक मशीनवर फॉर्मेट मारून पैसे घेऊ शकले असते.

आपल्याला कंपनी काढायची नाही, एक डबा हवा आहे. त्यात लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह, दोन साटा केबल, डिस्क यूएसबीला जोडायचा अडॅप्टर, बॅटरीची दोन नाणी आणि एक टेराबाइटची रिकामी डिस्क. सगळा खर्च फेअरवेलच्या डीजेपेक्षा कमीच येईल. प्रोजेक्ट गाइड सरांना आणि मॅडमना विनंती, की दर महिन्याला प्रगती तपासताना कोड आणि रीडिंग्जची एक प्रत डिपार्टमेंटच्या मशीनवर मागून घ्यावी; सही त्यानंतरच करावी. आणि रेक्टर सरांनी कॉमन रूममधल्या कपाटाचा एक खण आपल्याला द्यावा. किल्ली कुणाकडे ठेवायची यावरून भांडण होईलच, ते आपण मेसमध्ये बसून करू.