विश्लेषण : भाड्याचा ब्रेकर आणि कामगाराचे हात
घर दुरुस्तीला काढले की पहिल्या दिवशी ब्रेकर येतो. सोसायटीत तक्रार होते ती आवाजाची. मशीन धरणाऱ्याच्या पायात चप्पल आहे, तोंडाला रुमाल आहे आणि वायरला तीन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळली आहे, याकडे सहसा कोणी पाहत नाही. हे मशीन बहुधा रोजच्या भाड्याने आलेले असते. घरमालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार दुकानदाराकडे. देखभाल मात्र कोणीच करत नाही.

जोर लावल्याने काम लवकर होते?
नाही. ड्रिलसारखी ब्रेकरची छिन्नी गोल फिरत नाही. मोटर आतला पिस्टन मागेपुढे हलवते, त्याने दबलेली हवा आतल्या ठोक्याला ढकलते आणि तो छिन्नीवर आदळतो. हे मिनिटाला हजारहून अधिक वेळा घडते. फरशी फोडताना मशीनचे वजनच पुरते. वरून अंग टाकले तर फोडकाम वाढत नाही, हादरे तेवढे हातात येतात. छिन्नी मधोमध खोल घुसवली की अडकते आणि ती हिसका देऊन काढताना तोल जातो. कडेपासून थोडे थोडे फोडत येणे बरे. अडकलीच, तर दुसऱ्या छिन्नीने आजूबाजूचे फोडून ती मोकळी करावी.

भिंतीला हात लावण्याआधी आतल्या वायरी आणि पाइप कुठून गेले आहेत ते पाहून त्या भागाची वीज बंद करावी. कॉलम, बीम किंवा स्लॅब असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय ब्रेकर लावूच नये. तिथे प्रश्न एका फ्लॅटचा राहत नाही.

न दिसणारी इजा कोणती?
उडालेला तुकडा डोळ्याला लागला की लगेच कळते, म्हणून चष्मा तरी कधीमधी वापरला जातो. हादऱ्यांचे तसे नाही. वर्षानुवर्षे ते सोसल्यावर बोटे बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात, शर्टाचे बटण लावणेही अवघड होते. युरोपीय संघाच्या नियमानुसार हातांवरील कंपनांची आठ तासांची सरासरी मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. मशीनची कंपने १५ असतील, तर ही मर्यादा तासाभराच्या आतच गाठली जाते. दिवसभर एकाच माणसाच्या हातात ब्रेकर देणे म्हणूनच चुकीचे. दोघांनी आलटून पालटून काम करावे.

काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. १९४८च्या कारखाने कायद्यात तो नोंद करणे बंधनकारक असलेल्या आजारांत होता. रुमालाने ही धूळ अडत नाही. किमान एन-९५ मास्क हवा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. धूळ दाबायला फोडण्याच्या जागेवर आधी हलके पाणी शिंपडता येते, पण मशीनवर पाणी उडू नये आणि पायाखाली साचू नये. कानांना इअरमफ, पायात पुढे लोखंडी टोपी असलेले बूट.

मशीन घेताना काय पाहावे?
आधी वायर. सोललेली किंवा चिकटपट्टीची वायर असेल तर मशीन परत करावे, भाडे बुडाले तरी चालेल. जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून असावी आणि त्याचे टेस्ट बटण काम सुरू करण्यापूर्वी दाबून पाहावे. एक्स्टेंशनची वायर जाड हवी. रीळ असेल तर ती पूर्ण उलगडावी, गुंडाळलेली वायर तापते.

छिन्नीचा दांडा पुसून पातळ ग्रीस लावूनच बसवावा आणि छिन्नी पक्की अडकली आहे का ते ओढून पाहावे. छिन्नी बदलताना प्लग काढलेला असावा. बोथट छिन्नीने फोडणे म्हणजे हादरे वाढवणे. मात्र धार लावताना टोक निळे पडेपर्यंत तापले तर पोलाद मऊ होते. हवेच्या जाळीतली धूळ रोज साफ करावी. ठिणग्या वाढल्या किंवा मशीन थांबून थांबून चालू लागले, तर कार्बन ब्रश तपासावेत. ते जोडीनेच बदलतात.

दुकानदार भाड्याच्या पावतीवर छिन्न्या किती दिल्या ते लिहितो. ब्रश आणि वायर कधी बदलली, हेही ग्राहकाने तिथे लिहून मागावे.