पातेल्यातील पाण्याचे अभिसरण

चातुर्मासात एकासना, आयंबिल वा उपवास असला, की घरोघरी सकाळीच पाण्याचे पातेले शेगडीवर चढते. तीन उकळ्या आलेले पाणीच चालते, हे मुलांना ठाऊक असते; परंतु तळाची आच वरच्या थरापर्यंत पोहोचते कशी, हे क्वचितच कोणी समजावून देतो. पाणी हे उष्णतेचे मंद वाहक आहे. तळाचे पाणी तापले की प्रसरण पावून हलके होते व वर चढते. वरचे थंड पाणी त्याची जागा घेते. यालाच अभिसरण म्हणतात.

वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली हे घरीही पाहता येते. उष्णता सोसणाऱ्या काचेच्या भांड्यातील पाणी निश्चल होऊ द्यावे, तळाशी एका कडेला पोटॅशियम परमँगनेटचा बारीक खडा सोडावा व त्याच कडेखाली मंद ज्योत ठेवावी. जांभळी रेघ वर चढते, पृष्ठभागावरून पलीकडे सरकते व खाली उतरते. मुलांची तक्रार एकच, की हे फार सावकाश होते.

मग आच मोठी केली जाते, बुडबुडे उठतात आणि रेघच विस्कटते. ढवळणे तर अभिसरण नव्हेच. त्यापेक्षा दुसऱ्या कडेला, पाण्याच्या पृष्ठभागाशी, गार पाण्याने भरलेली स्टीलची वाटी सांडशीत धरावी. एकीकडे चढण, दुसरीकडे उतार मिळाला की प्रवाह वेग घेतो. बर्फ अभक्ष्य म्हणून न ठेवणाऱ्या घरांचीही यात अडचण होत नाही. भांडे उथळ नसावे. लॉर्ड रॅले यांनी १९१६ साली मांडलेल्या गणितात खोलीचा घन येतो; म्हणजे तापमानातील फरक तोच राहून खोली दुप्पट झाली, तर चालना आठपट.

आरंभीचे पाणी कोमट असणे सर्वांत उपयुक्त. ४ अंश सेल्सिअसजवळ पाणी जवळपास प्रसरणच पावत नाही. ५० अंशांना त्याचे प्रसरण २० अंशांच्या दुपटीहून अधिक, तर दाटपणा सुमारे निम्मा असतो.

हीच ज्योत वरून लागली असती, तर अभिसरण झालेच नसते. बादलीत वरवर बुडवलेल्या विजेच्या रॉडने वर वाफा दिसतात, तळ मात्र गारच राहतो. असे पाणी उकळलेले समजून व्रतस्थाच्या पेल्यात ओतू नये. प्रयोगाचे जांभळे पाणीही पिण्याच्या भांड्यांपासून दूरच ठेवावे.