मॉलमध्ये जात विचारत नाहीत, पण मालक कोण?

“मॉलमध्ये कुणी जात विचारत नाही,” असे आपली काही मुले कौतुकाने सांगतात. गावच्या दुकानात लांबून फेकलेली पुडी आपल्या आजोबांनी झेलली आहे. त्यामुळे जुन्या दुकानदारीचे गोडवे आपण गाणार नाही. पण मॉलचा मालक कोण? तिथे आपण आहोत ते वॉचमन, हमाल, सफाई कामगार. तेही कंत्राटी, आणि आरक्षणाचा पत्ता नाही. गिऱ्हाईक होणे म्हणजे समता नव्हे.

२०१२ मध्ये किरकोळ व्यापारात ५१ टक्के विदेशी गुंतवणुकीला दार उघडले. २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्ट ताब्यात घेतली. देशी भांडवलदारांच्या साखळ्या आहेतच. हे लोक वर्षानुवर्षे तोटा सोसून भाव पाडू शकतात. नाक्यावर भाजी विकणारी आपली मावशी एक आठवडाही सोसू शकत नाही.

बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडला ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. आपण एकाशीच भांडतो आणि दुसऱ्याच्या दारात सेल्फी काढतो.

मित्रांनो, २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत आणि त्यांत अनुसूचित जातींनाही प्रतिनिधित्व हवे. तुमच्या शहरात ही समिती आहे का? त्यात आपल्या वस्तीतले कोण आहे? उद्याच पालिकेत जाऊन लेखी विचारा.

जय भीम!