पासबुक आपल्याकडे, पासवर्ड कुणाकडे?

पूर्वी घरात खरा कारभार कुणाचा, हे ओळखायची एक सोपी खूण होती. किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला आहे, ते पाहायचं! सासूने तो सुनेच्या हाती दिला, की सून खऱ्या अर्थाने घरची मालकीण. आता ते जुडगे गेले, पण किल्ल्या काही संपल्या नाहीत. त्या मोबाइलमध्ये गेल्या. आणि मैत्रिणींनो, या नव्या किल्ल्यांकडे आपलं लक्षच नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचंच बघा ना. पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, कुठेही जा. कुणी पापड-कुरडया करते, कुणी ब्लाऊज शिवते, कुणाचं पार्लर आहे. गिऱ्हाईक मात्र आता गल्लीपुरतं राहिलं नाही. म्हणून फेसबुकवर पेज, इन्स्टाग्रामवर खातं आणि व्हॉट्सअॅपवर ऑर्डरचा नंबर, अशी तीन दुकानं एकटीने सांभाळायची! एकीकडे भाव सांगावा, तर दुसरीकडे कुणी विचारून कंटाळून निघून गेलेलं असतं. तोवर गॅसवरची भाजी करपते, ते वेगळंच.

यावर सोय निघाली आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही आता एकाच कंपनीची दोन घरं. त्या कंपनीचं ‘मेटा बिझनेस सूट’ नावाचं मोफत अॅप आहे. त्यात फेसबुकचं पेज आणि इन्स्टाग्रामचं व्यवसायाचं खातं जोडलं, की फोटो एकदाच टाकायचा, तो दोन्हीकडे जातो. दोन्हीकडचे निरोप एकाच ठिकाणी दिसतात. दुपारी निवांत बसून संध्याकाळची पोस्ट लावून ठेवता येते. ‘व्हॉट्सअॅप बिझनेस’ 2018 साली आलं. त्यात मालाचे फोटो आणि भाव कायमचे मांडून ठेवता येतात. बाईच्या दिवसातला वेळ वाचवणारी कुठलीही वस्तू मला तरी मोलाचीच वाटते.

पण सगळं एका जागी आलं, की प्रश्न उरतो तो हा, की ती जागा कुणाच्या हातात आहे?

ओळखीतल्या एका ताईंना मी हेच विचारलं. त्या हसून म्हणाल्या, “मले काय समजते वो त्यातलं? पोट्टाच पाह्यते सगळं!” पोट्टा म्हणजे पुतण्या. गुणी आहे, हौसेने करतो. पण पेज त्याच्या खात्यावरून काढलेलं, इन्स्टाग्राम त्याच्या ई-मेलवर आणि ओटीपी येतो तोही त्याच्याच नंबरवर. उद्या तो नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याने सिम बदललं किंवा घरात वाटणीवरून दोन शब्द झाले, तर? जोडलेलं गिऱ्हाईक एका दिवसात परकं होईल. माल ताईंचा, मेहनत ताईंची, नाव ताईंचं आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात!

गंमत म्हणजे, हा धडा आपण बायकांनी केव्हाच गिरवला आहे, तो बचत गटात. ‘माविम’ 1975 पासून आणि ‘उमेद’ 2011 पासून राज्यात बायकांसाठी काम करत आहे. गटाचं बँकेतलं खातं गटाच्या नावाने असतं. पैसे काढायला एकीची सही चालत नाही, दुसरीचीही लागते. पदाधिकारी बदलल्या, की ठराव लिहून बँकेला नव्या सह्या द्याव्या लागतात. एखाद्या पुतण्याच्या नावावर गटाचं खातं उघडू, असं कुणी म्हटलं तर सगळ्या मिळून त्याला हाकलतील! मग गटाच्या पेजला हाच नियम का नको?

आणि हे काही अवघड नाही. पेजवर दोघींना पूर्ण ताबा द्या. मदत करणाऱ्या मुलाला फक्त पोस्ट टाकण्याचे, निरोपांना उत्तर देण्याचे मर्यादित अधिकार देता येतात. त्यासाठी पासवर्ड सांगावा लागत नाही. इन्स्टाग्रामला मोबाइल नंबर आणि ई-मेल आपला किंवा गटाचाच घाला. व्हॉट्सअॅपचं सिम आपल्या नावावरचं असू द्या. मुख्य फोन आपल्याकडे ठेवून आणखी चार ठिकाणी ते जोडता येतं, म्हणजे पोरगं त्याच्याकडून उत्तरं देऊ शकतं. सिमचा रिचार्ज चुकवू नका. बंद पडलेला नंबर पुढे भलत्यालाच मिळू शकतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा आणि ओटीपी कुणालाही सांगू नका, अगदी ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालासुद्धा. पैशांची फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका. लगेच 1930 वर फोन करा.

आणखी एक. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप, तिन्ही एकदमच काही तास बंद पडली होती. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली, की हा धोका आलाच. म्हणून गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर एका साध्या वहीत लिहून ठेवा. वहीला रेंज लागत नाही!

‘आम्हाला यातलं काही कळत नाही’ असं म्हणण्यात आपल्याला उगाचच विनय वाटतो. चेकवर सही करायलाही आपल्या आयांचे हात थरथरलेच होते की! शिकवणारं कुणी भेटलं, दोन-चारदा चुकलं आणि मग जमलं. पुतण्याला काढून टाका, असं मी म्हणत नाही. त्याला शेजारी बसवा, चहा द्या आणि म्हणा, “बाळा, आता मोबाइल माझ्या हातात दे. तू फक्त सांग, मी करते.”

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला, की हाही विषय घ्या. पेज कुणाच्या खात्यावर, नंबर कुणाच्या नावावर, दुसरी किल्ली कुणाकडे, हे ठरवून रजिस्टरमध्ये लिहा. खाली सगळ्यांच्या सह्या घ्यायला मात्र विसरू नका.