केळीची गाडी दलालाच्या शब्दावर, अन् हमीची रक्कम 1988 सालातली

पिंप्राळा (जळगाव) : केळीची गाडी भरायची असली की पहिला फोन गाडीमालकाला जात नाही, दलालाला जातो. पिंप्राळ्याजवळून जाणारा सुरत-नागपूर महामार्ग असो की सावदा-रावेरकडचा रस्ता, सगळीकडे पद्धत हीच. दलाल गाडी शोधतो, भाडं ठरवतो, आपलं कमिशन काढतो. ड्रायव्हरच्या हातात डिझेलपुरते पैसे पडतात आणि गाडी दिल्लीच्या दिशेने निघते. मागे कागद उरतो तो काट्याची पावती, आणि व्हॉट्सअॅपवर आलेला गाडीचा नंबर.

गाडी वेळेत पोचली तर कोणी काही विचारत नाही. पण गाडी दोन दिवस उशिरा गेली, माल रस्त्यातच पिकला, किंवा भाड्याचे पैसे घेऊन दलालाने फोन बंद केला, तर भरपाई कोणाच्या खिशातून निघायची? प्रश्न जुनाच आहे. सध्या तो पुन्हा पाहण्याचं कारण म्हणजे अमेरिकेने याच बाबतीत जानेवारी 2026 पासून नियम आवळले आहेत.

अमेरिकेत मालवाहतुकीच्या दलालाला धंदा करायचा तर 75 हजार डॉलरची हमी द्यावी लागते. आजच्या दराने ते 60 लाख रुपयांहून जास्त होतात. 2013 च्या आधी दलालासाठी हा आकडा 10 हजार डॉलरच होता. दलाल भाडं बुडवून पळाले, ट्रकवाले रडत बसले, म्हणून 2012 च्या कायद्याने तो वाढवला. आता नवीन नियमाने आणखी एक पाचर मारली आहे. हमीची रक्कम 75 हजारांच्या खाली आली आणि 7 दिवसांत दलालाने ती भरून काढली नाही, तर त्याचा परवाना निलंबित होऊ शकतो. दलाल एवढी रक्कम रोख ठेवतोच असं नाही. बहुतेक जण हमी देणाऱ्या कंपनीला वर्षाचा हप्ता भरतात आणि कंपनी त्यांच्यामागे उभी राहते. दलाल बुडाला तर ट्रकवाला त्या कंपनीकडे दावा टाकतो.

आपल्याकडे काहीच कायदा नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 93 सांगतं की मालवाहू गाड्यांनी जाणारा माल गोळा करणं, पुढे पाठवणं किंवा वाटणं हा धंदा करणाऱ्या एजंटाला परवाना लागतो. त्या परवान्यासाठी सुरक्षा ठेव घेता येते, अटी मोडल्या तर ती जप्त करता येते आणि वाटेतल्या मालाच्या विम्याची अटही घालता येते. म्हणजे अमेरिकेला जे सुचलं ते आपल्या कायद्यात आधीच लिहिलेलं आहे. फक्त ठेवीची कमाल मर्यादा आहे 50 हजार रुपये.

जळगाव ही सोन्याची बाजारपेठ, म्हणून हिशेब सोन्यातच केलेला बरा. 1988 साली 10 ग्रॅम सोनं साधारण 3 हजार रुपयांच्या आसपास होतं. त्या काळी 50 हजारांत 15 तोळ्यांच्या वर सोनं येत होतं. आज तेवढ्या पैशांत अर्धा तोळाही येत नाही.

आता केळीचा हिशेब. गाडीत 15 टन माल धरा, भाव क्विंटलला 1500 रुपये धरा. सव्वादोन लाखांचा माल झाला. एका गाडीचा. दलाल दिवसाला अशा पाच-सात गाड्या लावत असेल, तर 50 हजारांची ठेव कोणाकोणाला पुरणार? आणि तेवढी ठेव तरी आपल्या दलालाने भरली आहे का, हे गाडी भरताना कोण विचारतं?

दुसरा कायदा मालवाल्यासाठी जास्त कामाचा आहे. रस्त्याने माल वाहून नेण्याबाबतचा 2007 चा कायदा 2011 पासून लागू झाला आणि 1865 चा इंग्रजांच्या काळातला कायदा गेला. यात ‘मालवाहक’ या शब्दाच्या व्याख्येतच बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि दलाल हे सगळे येतात. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याशिवाय हा धंदा करता येत नाही. ‘मी तर फक्त गाडी जोडून दिली, पुढचं मला माहीत नाही’ हे दलालांचं ठरलेलं वाक्य, ते या व्याख्येपुढे सहज टिकत नाही. पण त्यासाठी आधी त्याच्या नावाची बिल्टी हातात पाहिजे. बिल्टी नसली तर तो दलाल होता हेच सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

नोंदणी न करता धंदा केला तर दंड किती? पहिल्यांदा 5 हजारांपर्यंत, पुन्हा सापडला तर 10 हजारांपर्यंत. एवढ्या दंडाला कोण भितं, हे सांगायला नको.

बिल्टी असली तर मात्र कायदा बऱ्यापैकी बाजूने उभा राहतो. माल हरवला, खराब झाला किंवा पोचलाच नाही, तर चूक मालवाहकाची होती हे मालवाल्याला सिद्ध करावं लागत नाही. हे तत्त्व जुन्या कायद्यातही होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या खटल्यात ते ग्राहक मंचातही लागू होतं असं सांगितलं. भरपाईला मर्यादा आहे ती भाड्याच्या 10 पट, आणि पाठवणीच्या चिठ्ठीत लिहिलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही. दिल्लीचं भाडं 60 हजार धरलं तर मर्यादा 6 लाखांवर जाते, केळीची गाडी त्यात बसते. अडचण होते ती लहान पार्सलला. मोटारीचं 20 हजारांचं सामान 300 रुपये भाड्याने पाठवलं आणि ते गहाळ झालं, तर 3 हजारांवर बोळवण होऊ शकते. जास्त जोखमीचा दर आधी भरून तसं लिहून घेतलं असेल तरच पुढचं बोलता येतं.

केळीवाल्यांचं खरं दुखणं उशिराचं आहे. केळी कापली की घड्याळ सुरू होतं. कायद्यात उशिराबद्दल वेगळी तरतूद आहे. दोघांनी मिळून जी मुदत ठरवली, त्या मुदतीपर्यंतच्या उशिराने माल बिघडला तर जबाबदारी फक्त भाड्याच्या रकमेइतकी. ती मुदत ओलांडली की मग पूर्ण भरपाईची गोष्ट. म्हणून कोणत्या तारखेपर्यंत माल पोचवायचा हे बिल्टीवर लिहिलेलं असणं केळीसाठी भावाइतकंच महत्त्वाचं आहे. आपल्याकडे तोंडी सांगतात, ‘परवा सकाळी दिल्लीत’. कागदावर तारीख कोणी टाकत नाही.

ताज्या फळांना ई-वे बिल लागत नाही आणि शेतमालाच्या वाहतुकीवर जीएसटीही नाही. ही सवलत चांगलीच आहे, पण तिचा एक तोटा होतो. सिमेंट किंवा कपड्याच्या गाडीचा माग सरकारी संगणकात राहतो, केळीच्या गाडीचा राहत नाही. त्यामुळे बिल्टी हाच एक पुरावा.

गाडीच्या विम्याबद्दलही मोठा गैरसमज आहे. गाडीचा विमा आहे म्हणजे मालाचाही आहे असं नसतं. सक्तीचा विमा असतो तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला इजा झाली तर. आतल्या केळीसाठी वाहतूक विमा वेगळा घ्यावा लागतो.

व्यापाऱ्याने माल बांधावरच विकत घेतला असेल तर वाटेतली जोखीम त्याची, शेतकऱ्याची जोखीम पैसे बुडण्याची. राज्याने 2016 मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, त्यामुळे बाजार समितीबाहेरच्या अशा सौद्यात समितीच्या परवान्याचं कवचही राहत नाही. तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

या सगळ्यात सर्वात उघडा पडतो तो गाडीमालक. 2007 चा कायदा माल पाठवणाऱ्यासाठी आहे. ज्याने शेती गहाण टाकून ट्रक घेतला, त्याचं भाडं दलालाने दाबलं तर या कायद्यात त्याला आधार सापडत नाही. भाड्यातला काही हिस्सा आधी, उरलेला पोच आल्यावर, अशी रीत. पोच पाठवली तरी उरलेले पैसे महिना-महिना लटकतात, फायनान्सचा हप्ता मात्र थांबत नाही. मग उरतं काय, तर दिवाणी दावा नाहीतर पोलीस ठाणं. अमेरिकेतली हमी मुख्यतः याच माणसाच्या कामी येते.

ठेव वाढवा म्हटलं की लहान दलाल ओरडतील, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एका टेबलावर दोन मोबाईल घेऊन बसणारा माणूस 10 लाख रोख कुठून भरणार? तो गेला तर मोठ्या शहरांतल्या अॅपवाल्या कंपन्याच उरतील. पण रोख ठेवच कशाला पाहिजे? आपल्याकडे विमा कंपन्यांना हमी-विमा देण्याची मुभा 2022 पासून मिळाली आहे. आतापर्यंत तो प्रामुख्याने रस्ते-पुलांच्या कंत्राटांसाठी आहे. तोच मालवाहतूक दलालांसाठी आणला तर वर्षाच्या हप्त्यात काम भागेल, आणि ज्याची बाजारात पत आहे त्याला हप्ताही कमी बसेल. संसदेने 2019 मध्ये याच कलम 93 ला हात लावला होता. तेव्हा टॅक्सीचे अॅप चालवणाऱ्यांना परवान्याच्या कक्षेत आणलं, 50 हजारांचा आकडा मात्र तसाच ठेवला.

ज्यांचा माल अडकला आहे त्यांच्यासाठी एक मुदत महत्त्वाची आहे. नुकसानीचा दावा लावण्याआधी मालवाहकाला लेखी नोटीस द्यावी लागते, तीही 180 दिवसांच्या आत. हे दिवस नुकसान कळल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत, गाडी बुक केली त्या तारखेपासून मोजतात. ‘देतो, देतो, दिवाळीनंतर देतो’ असं म्हणत दलाल वेळ काढतो, तेव्हा हे 180 दिवस संपत असतात. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी, फोनवरचं बोलणं नोटीस धरलं जात नाही.